अकरा अडथळे

अर्ज लिहायला घेण्याआधी ते एक कोरा कागद घेत आणि त्याला दोन उभ्या घड्या घालून तीन पट्टे पाडत. पहिल्या पट्ट्यावर लिहीत ‘फायदा’. दुसऱ्यावर ‘तोटा’. तिसऱ्यावर काय येणार हे नव्या माणसाला कळत नसे. मग ते चष्मा कपाळावर सरकवत, समोरच्याकडे जरा वेळ पाहत आणि लिहीत, ‘कोणाले?’

तालुक्याच्या कचेरीबाहेर तुम्हीही कधीतरी उभे राहिला असाल. भिंतीला लागून लाकडी टेबल, त्यावर बांधलेली काळी छत्री, तिकिटांचा पत्र्याचा डबा आणि कागद उडू नयेत म्हणून काहीतरी वजन, असं दृश्य तुमच्याही डोळ्यांत असेल. आमच्याकडे त्या वजनाच्या जागी बहुतेक वेळा वांगं असायचं. गावाभोवतालचे बागाईतवाले अर्ज लिहून घ्यायला येताना पिशवीतून दोन वांगी, एखादा मुळा, कोथिंबिरीची जुडी घेऊन येत. वांगं टेबलावर कागद दाबून बसे आणि संध्याकाळी घरी भाजीत जाई. सगळे त्यांना चाचा म्हणत. मीही म्हणत असे. नाव लिहीत नाही, कारण त्यांना विचारून लिहायचं असतं आणि आता विचारता येत नाही.

माझं घर कचेरीच्या मागच्या गल्लीत आहे. मी पाटबंधाऱ्याच्या उपविभागात मोजणीचं काम करतो. खिशात टेप असतो आणि मनात आकडे. चहाच्या टपरीवर मला टेपवाले भाऊ म्हणत. सकाळी पावणेदहाला कचेरी उघडायच्या आधी पंधरा मिनिटं मी त्या टपरीवर उभा राहत असे. चौदा वर्षं, सुट्ट्या वगळून. त्यातली बहुतेक पंधरा मिनिटं चाचांशी भांडण्यात गेली.

भांडण म्हणजे सरकारी कायद्यांवरचं. नवा नियम निघाला की आम्ही तो टपरीच्या बाकावर अंथरायचो. मी आकडे सांगायचो, ते घड्या घालायचे.

केनवडकडचा एक शेतकरी एकदा तावातावानं आला होता. शेजाऱ्यानं धुरा, म्हणजे शेताचा बांध, सरकवला, त्याच्यावर अर्ज करायचा होता. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

“आता त्याच्याकडून सांग.”

“कोणाकडून?”

“शेजाऱ्याकडून. तो इथं खुर्चीवर बसून राह्यला अन् तुयावर अर्ज लिवून राह्यला, असं समज. काय सांगीन तो?”

“मी कायले त्याचं सांगू? पैसे मी देऊन राह्यलो का तो?”

“तू. म्हणून तर तुले विचारून राह्यलो. कचेरीतला साहेब फुकटात विचारीन, तवा तोंड उघडं पडीन.”

तो माणूस चिडला, दोन पावलं गेला, परत आला. मग उभ्या उभ्या शेजाऱ्याचं बोलू लागला. बोलता बोलता म्हणाला, “तो म्हणीन, याच्या बापानंच पह्यले बांध कोरला होता.” शेवटी अर्ज न करताच बस धरून गेला. चहावाला म्हणाला, “चाचा, असा धंदा करसान तर चहा उधार प्यावा लागीन.” चाचा म्हणाले, “मंग तू कायच्यासाठी हायस?”

रेशन दुकानात अंगठा लावायचं यंत्र आलं तेव्हा मी त्याच्या बाजूनं होतो. अजूनही आहे. आमच्या गल्लीत नसलेल्या माणसांच्या नावानं धान्य उचललं जायचं, ते थांबलं. हे मी चाचांना नावानिशी मोजून दाखवलं. त्यांनी ते सगळं पहिल्या पट्ट्यावर लिहिलं, एकही नाव न गाळता. मग टपरीसमोर मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या बाईला हाक मारली.

“माय, अंगठा दाखव या भाऊले.”

तिनं हात पुढे केला. अंगठ्यावर रेषा नव्हत्या. भाजी खुडून खुडून बोट गुळगुळीत झालं होतं. यंत्र तिला तीन महिने ओळखत नव्हतं.

“मंग काय, कायदा वाईट?” मी विचारलं.

“वाईट कुठं म्हणलं मी? चांगला हाय. या बाईसाठी एक ओळ कमी हाय बस.”

त्यांनी दोन दिवस जुने आदेश चाळले. ती ओळ नियमात होती, फक्त दुकानदाराला माहीत नव्हती. ज्याचा अंगठा उमटत नाही त्याला दुसऱ्या मार्गानं धान्य द्यायचं, अशी. चाचांनी अर्जात ती ओळ उतरवून काढली आणि खाली लाल पेनानं रेघ मारली. पुढच्या महिन्यात बाईला धान्य मिळालं. तिनं आणलेली मेथी त्यांनी अर्धी मला दिली. म्हणाले, “घ्या. तुमच्या बाजूच्या कायद्याची हाय.”

नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा की सदस्यांनी, हा नियम आपल्याकडे सरकार बदललं की बदलतो. एकदा तो बदलला तेव्हा टपरीवर दोन तट पडले. कोणी म्हणे लोकांनीच निवडावा, कोणी म्हणे मग कामं अडतात. सगळ्यांचं बोलून झाल्यावर चाचा म्हणाले, “लोकायनं निवडला तर तो सदस्यायले भेत नाही. सदस्यायनं निवडला तर लोकायले भेत नाही. तुमाले कोणाले न भेणारा पाह्यजे, तेवढं सांगा. मी अर्ज लिवून देतो.”

असा माणूस. त्यांच्याकडे कुठली पदवी नव्हती. मी त्यांना कधी कुठल्या पक्षाचं बोलताना ऐकलं नाही. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे होते, तरी मला ‘तुमी’ म्हणत आणि माझ्या आकड्यांची खरी कदर करत. “तुमचा आकडा मी तपासत नाही,” असं एकदा म्हणाले होते. माझ्या नोकरीत मला इतका मान कोणी दिलेला नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती लिहायची टाळत होतो.

आमच्या गल्लीचं तोंड कचेरीच्या रस्त्यावर उघडतं. रस्ता अठरा फुटांचा. भिंतीकडेची टेबलं आणि गाड्या सात फूट घेत. त्यांच्यापुढे गिऱ्हाइकांच्या दुचाकी चार फूट. उरले सात. दोन वर्षांपूर्वी माझी आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. तिला ऑटोत आडवं घालून निघालो तर गल्लीच्या तोंडाशी समोरून ट्रॅक्टर आला आणि दोघं अडकले. मागे जायला जागा नाही, पुढे जायला नाही. आई प्रत्येक धक्क्याला ओरडत होती. ऑटो तिथून सुटायला बावीस मिनिटं लागली. मी घड्याळ पाहत होतो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. माझा हा स्वभाव आहे.

आई वाचली, पण त्या बावीस मिनिटांनी माझ्या डोक्यात घर केलं. महिन्याभरानं मी गल्लीतल्या लोकांना जमवलं आणि रस्ता मोकळा करावा असा अर्ज द्यायचं ठरलं. अर्ज कोण लिहिणार? सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं. त्यात कोणाला काही विचित्र वाटलं नाही. मला वाटलं होतं का? खरं सांगायचं तर, वाटलं होतं. पण दुसऱ्याकडून लिहून घेतलं तर चाचांच्या पाठीमागे केल्यासारखं होईल, त्यापेक्षा तोंडावर केलेलं बरं, असं मी स्वतःला समजावलं. यात थोडा प्रामाणिकपणा होता. बाकीचं असं होतं की मला अर्ज चांगला व्हायला हवा होता.

मी टेबलासमोर बसलो. मोजमापं सांगितली. अठरा, सात, चार, सात. त्यांनी ती लिहून घेतली.

“आई कशी हाय?”

“आता वॉकर धरून चालते.”

“ते बावीस मिनिटं टाका. साहेब वाचता वाचता थांबला पाह्यजे.” आणि त्यांनी ती सुरुवातीलाच टाकली. मी तर ती शेवटी सांगणार होतो.

“अडथळे किती?”

“अकरा.”

त्यांनी पेनाच्या टोकानं भिंतीकडे पाहत मोजलं. “झेरॉक्स दोन, चहा दोन, भजे एक, फळाची गाडी एक, फोटोवाला एक. सात. अन् आमी लिवणारे चार.” पेन थांबलं. “मले धरून.”

“मोजायचं तर सगळंच मोजावं लागतं, चाचा.”

“बराबर हाय. दहा लिवलं तर साहेब येऊन मोजीन, अन् म्हणीन मोजणीवाल्यालेच मोजता येत नाही.” हसून त्यांनी लिहिलं, ‘एकूण अकरा अडथळे.’ अक्षर नेहमीसारखंच, सुबक, जरा उजवीकडे झुकलेलं.

मग त्यांनी तो तीन पट्ट्यांचा कागद काढला. मी म्हणालो, “आज राहू द्या चाचा. यात दुसरी बाजू काही नाही. आई ओरडत होती.”

त्यांनी कागद परत ठेवला. मग म्हणाले, “एक ओळ टाकू काय? ‘सदर लोकांची नोंद करून, त्यांना पर्यायी जागा देऊन, मग रस्ता मोकळा करावा.’ कायद्यात क्रमच तो हाय. आधी नोंद, मंग जागा, मंग हटवणं.”

तो क्रम मलाही माहीत होता. त्यांनीच कधीतरी टपरीवर समजावला होता. पण मी पंचवीस वर्षं सरकारी फायली पाहतोय. ‘पर्यायी जागा’ हे दोन शब्द आले की फाइल चार टेबलं जास्त फिरते. जागा शोधायची, पाहणी करायची, हरकती मागवायच्या. तीन वर्षं गेली असती. मी हा हिशेब मनात केला आणि त्यांना सांगितला.

“त्यानं अर्ज लांबतो, चाचा. एक वेळी एकच गोष्ट मागावी, असं तुम्हीच सांगता लोकांना.”

“सांगतो,” ते म्हणाले. “अर्ज तुमचा हाय. मी लिवणारा.”

आणि त्यांनी ती ओळ न टाकता अर्ज पुरा केला. मला वाचून दाखवला. गल्लीतल्या एकतीस जणांनी सह्या केल्या.

अर्ज उत्तम होता. दोन महिन्यांत आदेश निघाला.

भिंतीवर नोटीस लागली ती बाकीच्या दहाजणांना चाचांनीच वाचून दाखवली. फळवाला म्हणाला, “कोण हरामखोरानं अर्ज केला चाचा?” मी तेव्हा टपरीवरच होतो, कप हातात होता. चाचांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, “ज्याची माय ऑटोत अडकली होती त्यानं. हरामखोर कायले म्हणतो? तुयी माय असती तर तू दगड उचलला असता.” मी कप ठेवला आणि निघालो. अर्ज कोणी लिहिला, हे फळवाल्यानं विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

हटवायचा दिवस मंगळवार होता. माणसं गाडी घेऊन दहाला येणार होती. चाचा आठलाच आले. छत्री सोडली, डबा पिशवीत घातला, टेबलाचे पाय दोरीनं बांधले. मी कचेरीच्या फाटकात उभा होतो. जाऊन हात लावावा की लावू नये, हे मला ठरवता येईना. हात लावला तर ढोंग, नाही लावला तर निर्लज्जपणा. मी दोन्ही बाजू तोलत उभा राहिलो आणि तेवढ्यात त्यांचं बांधून झालं. सायकलरिक्षावर टेबल चढवून ते माझ्याजवळ आले.

“आता ऑटो नीट निघते काय, पाहा बरं उद्या.”

“चाचा…”

“टेप घेऊन मोजजा. अठरा फूट पुरे भेटले पाह्यजे. अर्धवट काम ठेवू देऊ नका त्यायले.”

यात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. नव्हता. त्यांना खरोखर रस्ता पुरा अठरा फूट व्हायला हवा होता, कारण त्यांनी तसा अर्ज लिहिला होता.

मला हेही कबूल केलं पाहिजे की रस्ता चांगला झाला. आईला त्यानंतर दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं आणि दोन्ही वेळा ऑटो गल्लीतून न थांबता निघाला. समोरच्या घरातली सून बाळंतपणाला गेली तेव्हाही. हे खोटं नाही. मी अर्ज करायला नको होता, असं मी आजही म्हणू शकत नाही. एक ओळ टाकली असती, एवढंच म्हणतो. तीन वर्षं लागली असती कदाचित. कदाचित एकही नाही. मी कुठे मोजून पाहिलं होतं?

बाकीचे दहाजण पांगले. झेरॉक्सवाल्यांनी गाळे घेतले, आमचा चहावाला बसस्टँडकडे गेला. चाचांना तिथं बसवेना. त्यांची माणसं खेड्यावरून कचेरीत यायची, बसस्टँडकडे उलटं कोण जाईल? आणि त्यांचे गुडघे तेवढं चालण्याजोगे राहिले नव्हते.

माझ्या घराला गल्लीच्या अंगाला ओटा आहे. दहा फूट बाय चार. त्यावर टेबल, खुर्ची आणि दोन माणसं सहज मावतात. ही गोष्ट माझ्या पहिल्याच दिवशी लक्षात आली. पण मी एकदम काही करत नाही. लोक दिवसभर येतील, चपला पडतील, आईची झोप मोडेल, गल्लीतले म्हणतील रस्त्यावरचा अडथळा ओट्यावर आणला. दुसऱ्या बाजूला चाचा. मी रोज विचार करत होतो. बायको एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, “काहून एवढं मोजून राह्यले तुमी? एक माणूस हाय तो. बसा म्हना नं त्याले.”

“आईला विचारलं पाहिजे.”

“मी विचारलं. त्या म्हणे, मले बोलाले कोणी भेटीन.”

मी त्यांच्या घरी गेलो तो एकोणिसावा दिवस होता. दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, “चाचा तं शिरपूरले गेले, पोरीकडं. आठ दिवस झाले.”

पुढच्या रविवारी मी शिरपूरची बस धरली. जावयाचं शिवणकामाचं दुकान मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. चाचा दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले होते. यात्रेकरूंच्या गाड्या पाहत, हातांना काही काम नसलेले. मला पाहून उठले, पोरीला चहा सांगितला. मी ओट्याचं बोललो. मापंही सांगितली. दहा बाय चार.

ते इतके हसले की जावयानं मशीन थांबवून पाहिलं.

“भाऊ, तुमच्या ओट्यावर बसलो तर गिऱ्हाइकायच्या गाड्या गल्लीत लागतीन. गल्लीवाले पुन्हा अर्ज करतीन. अन् तो मलेच लिवा लागीन.”

मीही हसलो. मग म्हणालो, “ती ओळ टाकायला हवी होती, चाचा.”

“कोणती?”

त्यांना आठवत होती, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. पण त्यांनी विचारलं “कोणती?” आणि मला ती पुन्हा उच्चारायला लावली नाही. लगेच म्हणाले, “चहा घ्या, थंडा होऊन राह्यला.” बस येईपर्यंत ते मला नव्या पीकविम्याच्या नियमाचे फायदे-तोटे विचारत राहिले. मी सांगत राहिलो. त्यांच्याजवळ कागद नव्हता.

त्यानंतर मी एकदा गेलो. आणखी जायला हवं होतं. पावसाळा संपता संपता ते गेले. मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही बसस्टँडवरच्या चहावाल्याकडून. त्यानं सांगितलं आणि कप पुसत राहिला. त्यानं मला काही बोलावं म्हणून मी जरा वेळ उभा राहिलो. त्यानं पुढचा कप उचलला.

उरलेल्या दहाजणांना पर्यायी जागा द्यावी असा अर्ज मी नंतर स्वतः लिहून दिला. चार वेळा लिहिला. माझं अक्षर वाईट आहे आणि मला दुसऱ्यासाठी मागायची सवय नाही. अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते मी दर पंधरवड्याला विचारतो. सध्या तिसऱ्यावर आहे.

मागच्या महिन्यातली गोष्ट. सकाळी कामावर निघालो तर भिंतीपाशी एक बाई उभी होती. साठीची असेल. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी, पिशवीच्या तोंडातून दोडक्यांची टोकं बाहेर आलेली. ती भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहत होती.

“भाऊ, इथं ते चाचा बसत होते नं? लिवणारे. माया बुढ्याचा अर्ज त्यायनंच करून देल्ला होता.”

“आता बसत नाहीत.”

“काहून?”

“इथून सगळ्यांना उठवलं.”

“माय वं! त्यायलेही? त्यायनं कोणाचं काय वाईट केलं होतं?” तिनं पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. “कोणं उठवलं जी?”

चौदा वर्षं मी त्या माणसासमोर एकही चुकीचा आकडा सांगितला नव्हता. एकतीस सह्या होत्या आणि पहिली माझी होती. गल्ली मोकळी होती, माझ्यामागून एक ऑटो सरळ निघून गेला.

“सरकारनं,” मी म्हणालो.

बाईनं लगेच मान डोलावली. पुढे काही विचारलं नाही. पिशवीतून दोडके काढले आणि म्हणाली, “आता हे परत कुठं नेऊ? तुमीच घ्या.” मी नको म्हणेपर्यंत तिनं ते माझ्या हातात दिले होते.